भाजीच्या अंगचे पाणी

फाल्गुन सरून चैत्राचे ऊन चटके देऊ लागले, की मंडईतील मटार, फुलकोबी आणि गाजर यांचा अंमल ओसरतो, त्यांच्या जागी दुधी, दोडका, पडवळ, काकडी, गवार, भेंडी आणि कैरी हे जिन्नस टोपल्या भरभरून येऊ लागतात, आणि नेमक्या याच वेळी 'आज भाजी कोणती करावी' या नित्याच्या प्रश्नाला घरोघरी तक्रारीचा सूर चढतो. उन्हाळी भाज्या पांचट, त्यांना स्वतःची अशी चव नाही, मुले त्या पानात टाकतात, अशी ही फिर्याद असते. तिची रुजुवात केली तर दोष भाजीकडे थोडा आणि स्वयंपाक करणाऱ्याकडे पुष्कळ निघतो. काकडीच्या किंवा दुधीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. अशा भाजीवर आपण आणखी तांब्याभर पाणी ओततो, कुकरच्या दोन शिट्ट्या करतो, आणि मग तो पाणचट गोळा सावरण्यासाठी कांदा, लसूण व मसाला यांची कुमक मागवतो. भाजीच्या अंगचे पाणी ओळखावे, ते कुठे राखावे आणि कुठे आटवावे एवढे ठरवावे. उन्हाळ्याच्या साध्या स्वयंपाकात याहून मोठी विद्या आम्हांला तरी दिसलेली नाही.

१८८६ साली उघडलेल्या पुण्याच्या मंडईत (नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी जिच्या खर्चाला हरकत घेतली, तिलाच पुढे त्यांचे नाव मिळाले, हा इतिहासाचा विनोद प्रसिद्धच आहे) किंवा गावच्या आठवडी बाजारात भाजी घेताना या पाण्याची परीक्षा हाताने होते. दुधीत नख सहज रुतावे, काकडी वजनाला आकाराच्या मानाने जड लागावी, गवारीची शेंग वाकवताच कट्‌कन मोडावी आणि पडवळ लोंबते नसावे. ही परीक्षा झाली म्हणजे निम्मा स्वयंपाक झाला, कारण कोवळ्या भाजीला मसाल्याची गरजच फारशी पडत नाही.

आता वाफेचा प्रकार पाहू. जुन्या स्वयंपाकघरातून भाजीच्या कढईवर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी घालण्याची चाल आहे. तिला केवळ रीत समजून पुष्कळजणी सोडून देतात. वस्तुतः तिच्यामागे सरळ पदार्थविज्ञान आहे. ताटलीतील पाण्यामुळे झाकण कढईच्या मानाने थंड राहते, भाजीतून उठलेली वाफ त्याला लागून तिचे थेंब होतात आणि ते थेंब पुन्हा भाजीवरच पडतात, त्यामुळे भाजी बाहेरच्या पाण्यावाचून स्वतःच्या रसात शिजते व खाली लागत नाही. एखादी भाजी जून निघून पाणी मागू लागलीच, तर ताटलीतले तापलेले पाणी हाताशी असते, आणि गार पाण्याने मोडणारी वाफ त्याने मोडत नाही.

या रीतीचा उत्तम दाखला म्हणजे पडवळाची पीठ पेरून केलेली भाजी. पाव किलो पडवळ वरून हलके खरवडावे, उभे चिरून आतील बिया व कापसासारखा गर काढावा आणि त्याच्या पातळ, अर्धचंद्राकृती फोडी कराव्यात. दोन मोठे चमचे तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद आणि दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे घालून फोडी परताव्या व पाण्याची ताटली झाकून मंद आचेवर ठेवाव्या. दणदणीत वाफ येऊन फोडी पारदर्शक दिसू लागल्या, की झाकण काढले असता तळाशी पडवळाने सोडलेले पाणी चमकताना दिसते. याच क्षणी मीठ, चिमूटभर साखर आणि तीन-चार चमचे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ वरून भुरभुरावे. ते पीठ भाजीच्याच पाण्यात भिजते, म्हणून त्याला वेगळे कालवावे लागत नाही. आणखी दोन वाफा काढाव्या, शेवटी झाकणावाचून परतावे, म्हणजे पीठ मोकळे होते आणि त्याचा कच्चटपणा जातो. येथे पाणी आधी घातले की भाजीचे पिठले होते, आणि मग तक्रार पडवळाच्या नावावर जमा पडते.

कमलाबाई ओगले यांनी १९७० साली निघालेल्या 'रुचिरा'त पदार्थांची प्रमाणे वाटी-चमच्यांत दिली, ती नवशिक्यांची मोठीच सोय झाली. परंतु सकाळी तोडलेल्या आणि दोन दिवस टोपलीत सुकलेल्या काकडीत किती पाणी आहे हे कोणतीही वाटी सांगत नाही. तिथे डोळ्यांनीच काम भागवावे लागते. खमंग काकडी हा पदार्थ तर संपूर्णपणे याच डोळ्यांवर उभा आहे. काकडी सोलून, टोक चाखून, ती हातात धरावी आणि सुरीने उभे-आडवे बारीक टोचे देत चोचवावी. किसणीवर किसली तर तिचा चोथा आणि पाणी वेगवेगळे होतात, चोचवली तर प्रत्येक कणात रस राहतो व खाताना दाताखाली कुरकुरतो. तीत दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू, साखर व कोथिंबीर घालून वर साजूक तूप, जिरे आणि हिरवी मिरची यांची चुरचुरीत फोडणी द्यावी. मीठ मात्र पाने वाढेपर्यंत हातात धरून बसावे. मीठ लागताच काकडीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, आणि पंधरा-वीस मिनिटांतच खमंग काकडीचे आमटीसदृश द्रव्य होते. लग्नकार्यांत हे द्रव्य पातेलीच्या पातेली वाढले जाते, आणि कोणी ब्र काढत नाही.

दुधीचे पाणी राखण्यापेक्षा ते उपयोगात आणणे अधिक शहाणपणाचे. दोन वाट्या किसलेला दुधी न पिळता घ्यावा, त्यात तिखट, मीठ, हळद, तीळ, ओवा आणि चिरलेली कोथिंबीर घालून दहा मिनिटे ठेवावा आणि सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढी थालीपिठाची भाजणी मळावी; पाण्याचा थेंबही लागत नाही, आणि थालीपीठ दुसऱ्या दिवशी प्रवासात नेले तरी मऊ राहते. एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. दुधीचा तुकडा प्रथम चाखून पाहावा आणि तो कडू लागला तर संपूर्ण दुधी निःशंकपणे टाकून द्यावा; कारण कडू दुधीतील द्रव्य विषारी असून त्याच्या रसाने माणसे दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात घडली आहेत. कारल्याचा कडूपणा जातीचाच असतो, दुधीचा तसा नव्हे. काटकसर म्हणून गुळाने तो झाकण्याचा खटाटोप करू नये.

गवार या मंडळीत कमी पाण्याची, म्हणून तिला ओव्याची फोडणी, अर्धी वाटी गरम पाणी, गोडा मसाला आणि गूळ यांची जोड लागते. लाल भोपळ्याच्या फोडी तीत घातल्या तर भोपळा विरघळून तिला अंगचा रस्सा देतो. हा भोपळा मूळचा अमेरिकेतला आणि काकडी मूळची भारतातली, पण पितृपक्षाच्या पानात परदेशी भोपळ्यालाही कोणी पासपोर्ट विचारत नाही. भेंडीचा न्याय सर्वस्वी निराळा: ती आधी धुऊन, फडक्याने कोरडी पुसून मगच चिरावी, कढईवर झाकण ठेवूच नये, आणि तार सुटू लागताच दोन आमसुले किंवा चमचाभर दही घालावे, आंबटाने बुळबुळ आवरते.

वाग्भटाने अष्टांगहृदयात ग्रीष्मातील आहार मधुर, हलका, स्निग्ध, थंड आणि पातळ सांगितला असून खारट, तिखट व आंबट वर्ज्य केले आहे. आता आंबट वर्ज्य करायचे तर कैरीचे काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्राने शास्त्राला विचारला नाही, फक्त तडजोड केली. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालणाऱ्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे आणि वाटली डाळ द्यावीच लागते. पन्ह्यात गूळ व वेलची घालून आंबटाला मधुर केले जाते, आणि वाटली डाळ तर उघडउघड बंडखोर आहे. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून पुरती निथळावी, दोन-तीन हिरव्या मिरच्यांबरोबर पाण्यावाचून भरड वाटावी, त्यात पाऊण वाटी कैरीचा कीस, मीठ आणि थोडी साखर कालवावी आणि हिंग, मोहरी, हळद, सुक्या मिरच्या यांची फोडणी गार करून वर ओतावी. डाळ गंधासारखी वाटणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पुरती न निथळलेली डाळ तेवढीच घातक, कारण कैरी मिठाने आपले पाणी सोडतेच, त्यात डाळीचे पाणी मिळाले की वाटली डाळ हातावर घेता येत नाही.

दोडक्याविषयी सांगायचे ते भाजीबद्दल नव्हे, शिरांबद्दल. मूगडाळ घालून दोडक्याची भाजी सर्वजण करतात, पण ती करताना सोललेल्या हिरव्या शिरा बहुतेक घरी केराच्या टोपलीत जातात. या उन्हाळी भाज्यांत पाण्याशिवाय स्वाद देणारा भाग कोणता असेल तर तो हाच. दोन दोडक्यांच्या शिरा धुऊन, निथळून, बारीक चिराव्या आणि चमचाभर तेलावर अगदी मंद आचेवर, रंग हिरवा जाऊन तपकिरी व्हायला लागेपर्यंत परताव्या. घाई केली तर बाहेरून करपतात आणि आत चिवट राहतात. त्यात दोन चमचे तीळ, तेवढाच सुक्या खोबऱ्याचा कीस, तिखट, मीठ आणि चवीपुरती साखर घालून पुन्हा कोरडे परतावे आणि हातानेच चुरावे. ओलसर राहिली तर ती चटणी दुसऱ्या दिवशीच नरम पडते. नीट कुरकुरीत झाली तर घट्ट झाकणाच्या बरणीत चार-सहा दिवस राहते, आणि उन्हाने जेवण नकोसे झालेल्या दुपारी दहीभातावर तेवढीच पुरते.