ग्लासगोचा जिमी स्पीअर्स आणि ब्रॅडफर्डचा एकमेव चषक

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इंग्लंडच्या मैदानांवर गाजलेल्या फुटबॉलपटूंमध्ये स्कॉटलंडहून आलेल्यांची संख्या मोठी होती, आणि त्यांच्यापैकी ग्लासगोच्या जिमी स्पीअर्सच्या आयुष्यात त्या काळच्या व्यावसायिक फुटबॉलची बहुतेक सारी वैशिष्ट्ये एकत्र आलेली दिसतात. 1886 साली जन्मलेला स्पीअर्स 1911 मध्ये एफ. ए. कप, म्हणजे जगातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा, जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता. त्या अंतिम लढतीतील एकमेव गोल त्याचा होता. आणि सहाच वर्षांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बेल्जियममधील ईप्र शहराजवळच्या रणभूमीवर तो मारला गेला. आज त्याची आठवण निघते ती बहुधा महायुद्धात पडलेला फुटबॉलपटू म्हणून. ती आठवण योग्यच आहे, पण तिच्यामुळे त्याच्या खेळाकडे दुर्लक्ष होते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्पीअर्सचा खेळ समजून घ्यायचा तर स्कॉटलंडने फुटबॉलला काय दिले हे आधी पाहावे लागते. 1867 मध्ये स्थापन झालेल्या ग्लासगोच्या क्वीन्स पार्क या क्लबने, आणि पुढे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाने, चेंडू एकट्याने पुढे दामटत नेण्याऐवजी तो सहकाऱ्याला देत देत प्रतिस्पर्ध्याच्या गोलापर्यंत पोहोचवण्याची पद्धत रूढ केली. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणाला शोधावी लागली असेल हेच ध्यानात येत नाही; परंतु 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगो येथे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा इंग्रजांचा भर चेंडू पायाशी ठेवून धावण्यावर होता, आणि तो सामना गोलाविना बरोबरीत सुटला. पुढे 1885 मध्ये इंग्लंडने पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली, स्कॉटलंडने मात्र त्यासाठी 1893 पर्यंत वेळ घेतला, आणि त्या आठ वर्षांत उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांतील क्लबांनी स्कॉटिश खेळाडूंना मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे ओढले. ‘स्कॉच प्रोफेसर’ हे त्यांना मिळालेले नाव गौरवाचे होते. स्पीअर्स या परंपरेच्या नंतरच्या पिढीतला होता.

ग्लासगोतील लहान क्लबांमधून पुढे येऊन तो 1905 मध्ये रेंजर्स या शहरातील बलाढ्य क्लबात दाखल झाला. त्याची जागा ‘इनसाइड फॉरवर्ड’ची होती. त्या काळी संघाची मांडणी गोलरक्षकापुढे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच आक्रमक अशी असे. या पाचांत मधल्या सेंटर फॉरवर्डच्या लगत उजवीकडे व डावीकडे खेळणाऱ्या दोघांना इनसाइड फॉरवर्ड म्हणत. शिवाय 1925 पर्यंत ऑफसाइडचा नियम आजच्याहून कडक होता: चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू असावे लागत, आज दोन पुरतात. त्यामुळे गोलाजवळ जाऊन चेंडूची वाट पाहणे जवळजवळ अशक्य होते, आणि मागे येऊन हाफबॅककडून चेंडू घेणे, तो क्षणभर राखणे, योग्य वेळी कडेच्या विंगरकडे किंवा मधल्या सेंटर फॉरवर्डकडे सोडणे व लगेच स्वतः पुढे सरकणे, असे दुहेरी काम इनसाइड फॉरवर्डच्या वाट्याला येई. संघाची बुद्धी या जागेवर असते असे मानले जाई, आणि ते खरेही होते. स्पीअर्स हे काम करीतच होता, वर नियमितपणे गोलही करीत होता. मार्च 1908 मध्ये डंडी येथे वेल्सविरुद्ध स्कॉटलंडने 2-1 असा विजय मिळवला त्या सामन्यात तो राष्ट्रीय संघातून खेळला; त्यानंतर मात्र त्याची निवड झाली नाही. त्या काळी राष्ट्रीय संघाचे सामने वर्षाला मोजकेच होत आणि पात्र खेळाडू भरपूर असत, हे लक्षात घेतले तरी एकाच सामन्यावर त्याची बोळवण व्हावी हे खटकते.

1908 मध्ये रेंजर्स सोडून तो ग्लासगोच्याच क्लाइड क्लबात गेला आणि वर्षभरात इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड सिटीने त्याला घेतले. ब्रॅडफर्ड हे यॉर्कशरमधील लोकरीच्या गिरण्यांचे शहर, आणि तेथील लोकांचा जीव मुळात रग्बीवर होता. मॅनिंगहॅम हा तेथील रग्बी क्लब 1903 मध्ये फुटबॉलकडे वळला, त्याने ब्रॅडफर्ड सिटी असे नाव घेतले आणि एकही फुटबॉल सामना खेळण्याआधीच त्याला लीगच्या दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला, कारण रग्बीप्रेमी यॉर्कशरमध्ये फुटबॉल रुजवण्याची लीगला निकड होती. पाच वर्षांत हा क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला. पीटर ओ’रूर्क हा त्याचा व्यवस्थापक स्वतः स्कॉटिश होता, आणि आपल्या मुलखातील खेळाडू हेरून आणण्यात त्याचा हातखंडा होता.

1910-11 च्या हंगामात या संघाने लीगमध्ये पाचवे स्थान मिळवले, जे त्याच्या इतिहासातील आजवरचे सर्वोच्च आहे. कपच्या स्पर्धेत न्यू ब्रॉम्प्टन, नॉरिच, ग्रिम्सबी आणि बर्नली यांना त्याने प्रत्येक वेळी एकाच गोलाच्या फरकाने हरवले. बर्नलीविरुद्धच्या सामन्याला व्हॅली परेड या ब्रॅडफर्डच्या मैदानावर 39,146 प्रेक्षक आले आणि त्या मैदानावरचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. उपांत्य फेरीत ब्लॅकबर्न रोव्हर्सला 3-0 असे नमवून हा आठ वर्षांचा क्लब अंतिम फेरीत न्यूकॅसल युनायटेडसमोर उभा राहिला. न्यूकॅसल हा तेव्हाचा सर्वांत दबदबा असलेला संघ होता: सात हंगामांतील ही त्याची पाचवी अंतिम लढत होती आणि आदल्या वर्षीचा कप त्याच्याकडेच होता. 22 एप्रिल रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावरचा सामना गोलाविना बरोबरीत सुटला. बरोबरी झाल्यास सामना पुन्हा खेळवण्याची तेव्हा पद्धत होती, आणि त्यानुसार चार दिवसांनी दोन्ही संघ मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर आले. तेथे पंधराव्या मिनिटाच्या सुमारास स्पीअर्सने डोक्याने मारलेला चेंडू न्यूकॅसलचा गोलरक्षक जिमी लॉरेन्स, जो स्वतः ग्लासगोचाच होता, याला चुकवून जाळ्यात गेला. उरलेला सव्वा तास ब्रॅडफर्डने न्यूकॅसलची आक्रमणे थोपवून धरली. नॉरिचनंतर त्या वर्षी कपमध्ये कोणत्याही संघाला ब्रॅडफर्डविरुद्ध गोल करता आला नव्हता आणि न्यूकॅसललाही तो करता आला नाही. बचावाची ही शिस्त पाहता हा विजय नशिबाने मिळाला असे म्हणता येत नाही.

त्या दिवशी मैदानात उतरलेल्या ब्रॅडफर्डच्या अकरा खेळाडूंपैकी आठ स्कॉटिश होते. कर्णधार स्पीअर्सने जो चषक उचलला तो त्या वर्षीच नव्याने घडवलेला होता, आणि तो घडवणारी फॅटोरिनी ही पेढी ब्रॅडफर्डचीच होती, त्यामुळे नवा चषक पहिल्याच वर्षी आपल्या गावी परत आला.

या वैभवाच्या मागे असलेली व्यवस्था मात्र खेळाडूंना फारशी अनुकूल नव्हती. 1901 पासून इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला 4 पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी होती, आणि 1910 नंतर ही मर्यादा हळूहळू 5 पौंडांपर्यंत वाढवण्यात आली. त्याहून जाचक होती ती नोंदणीची अट, कारण करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाकडेच राही आणि क्लबाच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. डिसेंबर 1912 मध्ये लीड्स सिटीने स्पीअर्ससाठी ब्रॅडफर्डला 1,400 पौंड मोजले. त्या काळातील ही मोठी रक्कम कमाल वेतन घेणाऱ्या खेळाडूच्या पाच वर्षांहून अधिक कमाईइतकी होती, आणि ती एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे गेली. ज्याच्या पायांची ही किंमत होती त्याच्या वाट्याला तेच ठरावीक साप्ताहिक वेतन राहिले.

ब्रॅडफर्डसाठी लीगच्या 86 सामन्यांत 29 गोल करणाऱ्या स्पीअर्सने दुसऱ्या श्रेणीतील लीड्ससाठी 73 सामन्यांत 32 गोल केले. तेथील व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या क्लबांना लीगचे अजिंक्यपद मिळवून देऊन इंग्लिश फुटबॉलमधील थोर व्यवस्थापक ठरला. उभारणीच्या काळात त्याने ज्यांच्यावर भिस्त ठेवली त्यांत स्पीअर्स होता, ही बाब त्याच्या गुणवत्तेची साक्ष म्हणून पुरेशी आहे.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झाले तरी 1914-15 चा हंगाम खेळवला गेला, आणि धडधाकट तरुण मैदानात काय करीत आहेत अशी कडवट टीका फुटबॉलवर झाली. हंगाम संपल्यावर, मे 1915 मध्ये, स्पीअर्स क्वीन्स ओन कॅमेरन हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटमध्ये भरती झाला. तेव्हा तो विवाहित आणि दोन मुलांचा बाप होता; सक्तीची लष्करभरती 1916 मध्ये आली आणि विवाहित पुरुषांना ती सुरुवातीला लागूही नव्हती, तेव्हा त्याची भरती सर्वस्वी स्वेच्छेची होती. 1917 मध्ये शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळाले, जे अधिकारी नसलेल्या सैनिकांसाठी वर्षभरापूर्वीच सुरू झाले होते, आणि त्याला सार्जंट करण्यात आले. 31 जुलै 1917 रोजी ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली. पाशेंडेल या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लढाईत पावसाने चिखल झालेल्या जमिनीवर अतोनात मनुष्यहानी झाली आणि त्यात ऑगस्टमध्येच स्पीअर्स पडला. ईप्रजवळच्या डॉकी फार्म या लष्करी दफनभूमीत त्याची कबर आहे. ओल्ड ट्रॅफर्डवर त्याच्यासोबत खेळलेला हाफबॅक रॉबर्ट टॉरन्स 1918 मध्ये याच युद्धात मारला गेला.

लीड्स सिटीला 1919 मध्ये युद्धकाळात खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याच्या आरोपावरून लीगमधून काढून टाकण्यात आले, त्या क्लबाच्या खेळाडूंचा लिलाव झाला, आणि त्या शहरात लीड्स युनायटेड हा नवा क्लब उभा राहिला. स्पीअर्सचे कपविजेतेपदाचे पदक 2003 मध्ये लिलावात 26 हजार पौंडांहून अधिक किमतीला गेले. त्याच्या हयातीत त्याच्यासाठी मोजल्या गेलेल्या सर्वाधिक रकमेच्या आकड्याहून ही किंमत अठरा पटींनी मोठी होती. 1911 नंतर ब्रॅडफर्ड सिटीला एफ. ए. कप पुन्हा जिंकता आलेला नाही.