ख्रिस्ती जीवनाची ओळख – लेखांक ११ : हातातल्या कामाचे अर्पण

कामाचे अर्पण म्हणजे पोटासाठी करायचे रोजचे काम देवाची सेवा म्हणून करणे. काम तेच राहते, ते कोणासाठी करायचे एवढेच बदलते. कॅथलिक घरांत याचे रूढ रूप म्हणजे सकाळची अर्पण-प्रार्थना. उठल्यावर, दिवसाला हात घालण्याआधी, त्या दिवसाची कामे, आनंद आणि त्रास देवाच्या हवाली केले जातात. ही प्रार्थना घराघरांत पोचली ती १८४४ नंतर. फ्रान्समधील व्हाल्स येथे शिकणाऱ्या तरुण येशूसंघीयांना (जेझुइटांना) पुस्तके मिटून दूरच्या मिशनवर जाण्याची घाई झाली होती. त्यांचे मार्गदर्शक फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितले की, समोरचा अभ्यास आणि मठातली कंटाळवाणी कामे हीच मिशनसाठी अर्पण करा. त्यातून ‘प्रार्थनेचे प्रेषितकार्य’ ही चळवळ उभी राहिली.

या विचाराचे मूळ प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे काम करावे, असे पौल तिथे सांगतो. हे तो सांगतो गुलामांना, ही गोष्ट बऱ्याचदा नजरेआड होते. पौल स्वतः करिंथमध्ये अक्विला व प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या करण्याचा धंदा करत होता, त्यामुळे हा उपदेश गादीवर बसून केलेला नव्हता. शिवाय त्याच पत्रात धन्यांनाही न्यायाने वागण्याची ताकीद आहे, आणि याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवापुढे ओरडते असे म्हटले आहे. म्हणून कारागिराने मजुरी मागितली की त्याला अर्पणाचा उपदेश ऐकवणे ही या शिकवणीची सरळसरळ उलटी वाट ठरते.

पण अर्पण केलेल्या कामाचाही गर्व होऊ शकतो. हा नम्रतेचा प्रश्न बारकाईने हाताळला तो सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी. त्यांच्या नियमावलीत कोठारातली भांडी-अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत असे सांगितले आहे. स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्याने बदलते, आणि पाळी सोपवताना मठवासी सर्वांचे पाय धुतात, भांडी स्वच्छ करून परत देतात. कारागिरांसाठी तर वेगळा अध्याय आहे, सत्तावन्नावा. एखाद्याला आपल्या कसबाचा ताठा चढला, मठाचे चालते ते आपल्यामुळे असे वाटू लागले, तर त्याला त्या कामावरून उठवावे. मठातला माल विकताना लबाडी नको, आणि भाव बाहेरच्यापेक्षा थोडा कमीच असावा. नम्रता मनात शोधण्यापेक्षा ती भावात आणि मालात तपासावी, हा या अध्यायाचा मोठा व्यवहारीपणा.

उल्हासनगरच्या वाचकाला हा अध्याय परका वाटू नये. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेली सिंधी निर्वासितांची कुटुंबे आणि १९४९ मध्ये मिळालेले नाव, अशा या गावाने हाताच्या कामावरच पाय रोवले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद सगळ्या मुंबई परिसराला ठाऊक आहे. विनोद मजेदार खरा, पण बेनेडिक्टच्या हिशेबात खोटे लेबल लावलेला माल अर्पणाच्या ताटात बसत नाही. शहरातल्या कॅम्प २ या भागाच्या कपडा बाजारामागे शिलाईकामाचे मोठे जग आहे. नगावर मजुरी असली की हात वेगाने चालतो, आणि घाई पहिल्यांदा दिसते ती आतल्या शिवणीत, जिथे गिऱ्हाईक पाहत नाही. खिशाच्या कोपऱ्याला टाका पक्का घातला की नाही, हे तीन धुण्यांनंतर कळते. कारागिराचे अर्पण अशाच न दिसणाऱ्या टाक्यांत असते.

बेनेडिक्टनंतर मठातले काम पवित्र आणि बाजारातले दुय्यम अशी समजूत हळूहळू रुजली. मार्टिन ल्यूथर यांनी ती मोडली; चांभार आणि दाई यांच्या कामालाही त्यांनी देवाच्या बोलावण्याचा दर्जा दिला.

मराठी मुलखात या शिकवणीचे ठसठशीत उदाहरण म्हणजे केडगावचे मुक्ती मिशन. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी तिथे अनाथ मुली आणि विधवांना आश्रय दिला. प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती, शिवण आणि छपाई हीही तिथली दिनचर्या होती. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्याचे खिळे जुळवणे आणि छपाई आश्रमातल्या स्त्रियांनीच केली. खिळा उलटा असतो, ओळ उलटीच वाचावी लागते, एक मात्रा चुकली तर शब्द बदलतो. हे काम काल अक्षरओळख झालेल्या हातांनी पार पाडले. रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या संस्कृत विद्वत्तेसाठी मिळाल्या होत्या. तरी भाषांतरात त्यांनी जाणून साधी मराठी धरली, कारण वाचणारी बाई खेड्यातली असणार होती. कसबाचा ताठा सोडणे म्हणजे काय, ते इथे कळते: विद्या टाकायची नाही, ती दिसेनाशी करायची. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला तो त्यानंतर.

पॅरिसच्या कार्मेल मठातले बंधू लॉरेन्स (मृत्यू १६९१) यांची गोष्ट याहून लहान आहे. स्वयंपाकघराचे काम त्यांना मुळात आवडत नसे, तरी त्यांनी ते वर्षानुवर्षे केले, पुढे मठवासीयांच्या वहाणा दुरुस्त केल्या. आवड नसलेल्या कामाचेही अर्पण होते, हे त्यांच्या गोष्टीतून दिसते.

हे सर्व उपासनेत एकत्र येते ते मिस्साच्या अर्पणविधीत. वेदीवर गहू आणि द्राक्षांचे घोस ठेवले जात नाहीत, भाकर आणि द्राक्षारस ठेवतात. धर्मगुरू म्हणतात त्या प्रार्थनेत भूमीच्या फळाबरोबर माणसांच्या हातच्या कामाचाही उल्लेख असतो, कारण कोणीतरी दळलेले, मळलेले आणि भाजलेलेच वेदीपर्यंत पोचते.