एका टेबलावरचे तीन कारागीर

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी आयुष्यातला पहिला ठसा भेंडीचा उमटवलेला असतो. चित्रकलेच्या तासाला आडवी कापलेली भेंडी, रंगाची बशी आणि वहीभर पाच पाकळ्यांची फुलं. बटाट्याची पाळी त्यानंतरची. भेंडीत नक्षी आयती मिळते, बटाट्यात ती स्वतः कोरावी लागते. कोरून काढलेला भाग पांढरा राहतो आणि शिल्लक उरलेला छापला जातो, हा उलटा हिशोब तिथंच पहिल्यांदा ध्यानात येतो. अनेकांचं या विषयातलं शिक्षण तेवढ्यावरच संपतं. काहींचं मात्र बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू होतं. तेव्हा हातात बटाट्याऐवजी खोडरबर असतो आणि समोर कागदाऐवजी सुती दुपट्टा.

ठसा स्वतः कोरायचा, कापड स्वतः रंगवायचं आणि त्यावर स्वतःच छापायचं, असा हा छंद आहे. ऐकायला साधा वाटतो. पण तो करणारा माणूस नकळत एक विलक्षण गोष्ट करत असतो. भारतात शतकानुशतकं ही तीन कामं तीन वेगवेगळ्या घरांत होत आली. गुजरातमध्ये गांधीनगरजवळचं पेठापूर हे ठसे कोरणाऱ्यांचं गाव. तिथले कारागीर सागवानाच्या ठोकळ्यांवर नक्षी कोरतात आणि ते ठसे दुसऱ्या गावांतले छापणारे नेतात. राजस्थानात सांगानेर आणि बगरू इथं छपाई करतात ते छीपा. यांतले पुष्कळजण स्वतःला नामदेव छीपा म्हणवतात. आपल्याकडे शिंपी म्हणून ओळखले जाणारे नामदेव महाराज गुरु ग्रंथ साहिबातल्या आपल्या पदांत स्वतःला छीपाच म्हणतात, हे पंढरीच्या वारकऱ्यांना सांगितलं तर आश्चर्य वाटेल. रंगवणारे पुन्हा निराळे: तिकडे रंगरेज आणि नीलगर, इकडे रंगारी आणि भावसार. कच्छचे खत्री रंगवणं आणि छापणं ही दोन्ही कामं करतात, पण कोरणारा हात बहुधा दुसऱ्याचाच. घरच्या टेबलावर मात्र हे तिघेही एकाच माणसात येऊन बसतात, आणि एकाची चूक दुसऱ्याला निस्तरावी लागते तेव्हा हे धंदे वेगळे का झाले असतील, तेही कळतं.

सुरुवात कोरण्यापासून. खोडरबर, मऊ रबराचा तुकडा किंवा लिनोलियम, यांपैकी काहीही चालतं. हत्यारं दोन पुरतात: बारीक रेघेसाठी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या टोकाचं कोरणं आणि मोकळी जागा उकरायला ‘यू’च्या आकाराचं. नक्षी मऊ पेन्सिलीनं बटर पेपरवर काढायची, कागद रबरावर पालथा घालायचा आणि नखानं घासायचा. नक्षी आपोआप उलटी उतरते आणि छापताना सुलट होते. अक्षरं थेट रबरावर लिहिणाऱ्याला आपलं नाव कापडावर आरशातल्यासारखं वाचावं लागतं. वळणदार रेघ काढताना हत्यार स्थिर ठेवायचं आणि रबर फिरवायचं, ही युक्ती ज्याला लवकर सापडते त्याची पानं-फुलं गोलाईदार होतात. खोली दोन-तीन मिलिमीटर पुष्कळ झाली. रेघेच्या कडा आतल्या बाजूनं पोखरल्या तर छापताना दाबाखाली रेघ लवते आणि तुटते, म्हणून कडा बाहेर उतरत्या ठेवायच्या. दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे. मऊ रबरात हत्यार सटकतं ते सावध न करता.

पेठापूरच्या लाकडी ठशाकडे पाहिलं, की या बारीकसारीक गोष्टींचा तिथं किती विचार झालाय ते दिसतं. मोठ्या ठशाला आरपार बारीक भोकं पाडलेली असतात. त्यांना पवनसार म्हणतात. कापडावर ठसा टेकला की मधे अडकलेली हवा तिथून निघून जाते आणि रंग सगळीकडे सारखा बसतो. नवा ठसा वापरण्याआधी तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड पाण्यानं फुगत नाही, तडकत नाही. एका नक्षीसाठी ठसे अनेक लागतात: बाह्यरेषेचा ‘रेख’, पार्श्वभूमीचा ‘गद’ आणि आत रंग भरायचा ‘दत्ता’. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. छंदवाल्यानं दोन रंगांचं साधं कमळ करायला घेतलं तरी हाच प्रश्न पुढ्यात येतो: दुसरा ठसा पहिल्यावर नेमका बसवायचा कसा? उत्तरही जुनंच आहे. ठशाच्या कोपऱ्यात बारीक टिंबं ठेवायची आणि टिंबावर टिंब जुळवायचं.

लिनोलियमची गोष्ट थोडी निराळी. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानं 1863 साली त्याचं पेटंट घेतलं ते फरशीवर अंथरण्यासाठी. ते मऊ आहे, त्याला लाकडासारखी शिर नाही आणि स्वस्त आहे, हे चित्रकारांनी हेरलं. दांडीयात्रेच्या वर्षी, 1930 मध्ये, नंदलाल बोस यांनी कोरलेला काठी घेऊन चालणारा गांधीजींचा लिनोठसा आजही ठिकठिकाणी दिसतो. काळ्यावर पांढऱ्या मोजक्या रेघा, बाकी काही नाही. नव्यानं कोरायला शिकणाऱ्यानं तो जरूर समोर ठेवावा. कुठं थांबायचं हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही धड्यातून कळत नसेल.

याच नंदलालांचा तरुणपणचा एक मुक्काम महाराष्ट्रात झाला होता. इंग्रज चित्रकार क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला जे चित्रकार जमवले, त्यांत ते होते. त्याच चमूत डोरोथी लार्चर नावाची इंग्रज चित्रकार होती. भारतातल्या वास्तव्यात तिला इथल्या कापडछपाईची गोडी लागली. पुढं इंग्लंडमध्ये फिलिस बॅरन हिच्याबरोबर तिनं अनेक वर्षं हातठशांनी कापड छापलं. बॅरनची कहाणी तर थेट छंदाची आहे. शिकत असताना फ्रान्समध्ये चित्रं काढायला गेलेल्या या मुलीला तिथं जुने लाकडी ठसे सापडले. ते वापरायचे कसे, हे सांगणारं कोणी नव्हतं. रंगाऱ्यांची जुनी पुस्तकं वाचत, घरात भांडी मांडून, चुकत-माकत ती शिकली. निळीत रंगवलेल्या कापडावर नायट्रिक आम्लानं छापून ठशापुरती नीळ उडवायची, लोखंडाच्या गंजापासून पिवळसर तपकिरी रंग मिळवायचा, असले उद्योग तिनं केले. नायट्रिक आम्लाचा प्रयोग मात्र आज घरी कोणी करू नये. दोघी पुढं इंग्लंडच्या नामांकित छापकारांत गणल्या गेल्या.

ठसा तयार झाला की कापडाकडे वळायचं, आणि इथं घाई करणारे हमखास फसतात. नव्या सुती कापडात खळ असते. ती सोडा घालून गरम पाण्यात नीट धुऊन काढली नाही, तर रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. पॉलिस्टर मिसळलेलं कापड घेतलं तर नैसर्गिक रंग त्यावर नीट चढत नाही. छपाईखालची बैठक मऊ हवी: घोंगडीवर जुनी चादर ताणून बसवली की झालं. नुसता ठसा उमटवून पाहायचा असेल तर बाजारातले तयार फॅब्रिक कलर पुरतात. स्पंजावर रंग पसरायचा, ठसा हलकेच टेकवून उचलायचा, कापडावर ठेवून तळहाताच्या कडेनं ठोकायचा. वाळल्यावर उलट बाजूनं इस्त्री केली की रंग पक्का होतो. या रंगात चिकटवणारं द्रव्य असतं, त्यामुळे छापलेला भाग किंचित कडक लागतो. ज्याला तो कडकपणा खटकतो तो मग खऱ्या रंगाईकडे वळतो.

या छंदातला सर्वांत गंमतीचा भाग तोच. वनस्पतींचे बहुतेक रंग सुती धाग्याला आपणहून धरून राहत नाहीत. मधे दुवा लागतो. तुरटी हा एक दुवा, लोखंड दुसरा. आपल्याकडची जुनी पद्धत अशी: कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. ते फिकट पिवळं होतं. मग एक ठसा डिंकात कालवलेल्या तुरटीनं छापायचा आणि दुसरा लोखंडाच्या पाण्यानं. हे पाणी करायला गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून पंधरा-वीस दिवस आंबवतात, आणि त्या दिवसांत घरातली माणसं त्या माठाबद्दल काय बोलतात ते न लिहिलेलं बरं. लोखंड हिरड्याला भेटलं की काळं होतं. तुरटीचा ठसा मात्र जवळजवळ दिसतच नाही. मग कापड धुऊन मंजिष्ठेच्या पाण्यात उकळायचं. तुरटी लागली तिथं लाल रंग चढतो, लोखंडाची जागा काळी राहते आणि बाकीचं कापड धुता-वाळवता पुन्हा उजळ होतं. भांडं एक, रंगद्रव्य एक आणि हाती येणारे रंग दोन.

ही किमया पाहून परदेशी माणसं कायम चक्रावली. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अशाच रंगाईचं नवल नोंदवून ठेवलंय. भारतीय उपखंडात तर मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा जो तुकडा मिळाला, तो मंजिष्ठेच्या जातीच्या रंगानं रंगवलेला होता. भारतीय छापील कापडानं युरोपची बाजारपेठ इतकी व्यापली, की फ्रान्सनं 1686 ते 1759 त्यावर बंदी घातली, आणि इंग्लंडनं 1721 साली कडक कायदा केला. बंदी चालू असतानाच, 1742 मध्ये, कर्दू या फ्रेंच पाद्र्यानं पाँडिचेरीहून पत्र पाठवून रंगाईची इथली रीत पायरीपायरीनं मायदेशी कळवली.

मंजिष्ठा नसली तरी अडत नाही. डाळिंबाची साल तुरटीबरोबर पिवळा आणि लोखंडाबरोबर हिरवट करडा रंग देते. कांद्याच्या कोरड्या सालींतून केशरी-तपकिरी छटा मिळतात. दसऱ्यानंतर दारावर सुकलेली झेंडूची तोरणं टाकून न देता वाळवून ठेवली, तर त्यांतून छान पिवळा निघतो. हळद मात्र फसवी: रंग चढतो झटकन, उन्हात उडतोही तितक्याच लवकर, आणि साबण लागला की लाल होते. एक पथ्य कायम पाळायचं. रंगाईची भांडी स्वयंपाकाला परत वापरायची नाहीत, आणि मोरचूद घालण्याचा सल्ला कुठं वाचला तर तो सोडून द्यायचा, कारण ते पाणी शेवटी नाल्यात जातं.

निळा रंग या सगळ्यांना अपवाद. पांढऱ्या कपड्यांची जी पूड नीळ म्हणून वर्षानुवर्षं घरांत वापरली गेली ती अल्ट्रामरिन. झाडाच्या निळीशी तिचा संबंध नाही. खरी नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचं क्षपण केलं, म्हणजे तिचं रासायनिक रूप तात्पुरतं बदललं, तरच ती विरघळून धाग्यात शिरते. घरी त्यासाठी एक भाग नीळ, दोन भाग चुना आणि तीन भाग फळांची साखर असं प्रमाण चालतं. कापड पिंपातून हिरवट पिवळं निघतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. पहिल्यांदा पाहणारा माणूस हातातलं काम सोडून बघत राहतो.

आणि पाणी. कच्छमधलं धमडका हे अजरख या ठशांच्या कापडाच्या छपाईचं जुनं गाव. तिथल्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि रंग बिघडू लागले. 26 जानेवारी 2001 चा भूकंपही याच काळातला. इस्माईल मोहम्मद खत्री आणि इतर कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. चांगला रंग यावा म्हणून पाणी बघून गाव हलवावं लागलं, हे ऐकल्यावर बोअरच्या पाण्यात आपला पिवळा मळकट का होतोय, याचं उत्तर शहरातल्या छंदवाल्यालाही मिळतं. पावसाचं पाणी साठवून पाहावं, फरक दिसतो. एवढ्या उस्तवारीची तयारी नसेल तर रासायनिक रिअ‍ॅक्टिव्ह रंग आहेत. 1956 साली बाजारात आलेले हे रंग थंड पाण्यात, मीठ आणि सोड्याच्या मदतीनं, थेट धाग्याशी जोडले जातात. पूड हाताळताना नाकावर मास्क हवा, एवढंच. नैसर्गिक रंगांचे कट्टर लोक यांना नाकं मुरडतात, पण रोज धुवायच्या कुर्त्यासाठी हेच रंग जास्त कामाचे.

दोन-चार कापडं हातून झाल्यावर बाजारात बघण्याची नजर बदलते. हातछपाई म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड यंत्रावर छापलेलं असतं. हल्ली तर खऱ्या ठशाच्या छपाईचं चित्र घेऊन, त्यातल्या चुकांसकट, यंत्रावर छापतात. म्हणून नुसती चूक शोधून भागत नाही. कापड उलटं करून रंग आरपार उतरलाय का बघायचं, दोन ठशांचा जोड शोधायचा आणि एखादा पुसट कोपरा सापडला की पुढच्या मीटरभरात तोच कोपरा त्याच अंतरावर पुन्हा येतो का, ते वितीनं मोजायचं. येत असेल तर ते यंत्राचं काम.