आपली शिकण्याची रीत कशी ओळखावी?



‘आमच्या धाकट्याला पुस्तक नको, हातात काम दिलं की लगेच येतं.’ ‘मला बाई ऐकलेलंच लक्षात राहतं.’ अशी वाक्यं आपण घरोघर ऐकतो. त्यांत खोटं काही नाही. ज्याची त्याची आवड असते. पण या आवडीवरून आपण मुलावर कायमचा शिक्का मारतो, तिथे जरा थांबलं पाहिजे.

हा शिक्का शास्त्राच्या नावानंही मारला जातो. न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली एका सहकाऱ्यासह शिकणाऱ्यांचे चार प्रकार मांडले: पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून शिकणारे. कल्पना सोपी, म्हणून ती जगभर पसरली. पुढे २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अमेरिकेत या विषयावरचं संशोधन तपासलं. ज्याच्या त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवलं तर तो अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

याचं एक कारण आपल्या रोजच्या अनुभवातलं आहे. शिकायचं कसं, हे बहुतेक वेळा विषयच ठरवतो. भजनाचा ताल कानानंच कळायचा. नकाशा डोळ्यांनीच पाहायचा. आंब्याचं कलम बांधायला हातच लागणार. त्याचं वर्णन शंभर वेळा ऐकलं तरी गाठ काही बसायची नाही.

मग आपली रीत शोधायचीच नाही का? शोधायची, पण प्रश्न बदलून. ‘मी कोणत्या प्रकारचा?’ हे सोडून ‘काय केल्यावर माझ्या लक्षात राहिलं?’ असं स्वतःला विचारा. त्यासाठी एक प्रयोग सांगतो.

सारख्याच लांबीचे दोन धडे घ्या. पहिला चार वेळा वाचा. दुसरा दोनदाच वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढं लिहा; मग पुस्तक उघडून चुका पाहा. आठ दिवस थांबा. नंतर दोन्ही धडे न पाहता लिहून काढा आणि मुद्दे मोजा.

अशाच धर्तीचा प्रयोग अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी केला व २००६ साली प्रसिद्ध केला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं, तेव्हा आठवून पाहणारे पुढे गेले! असं का व्हावं? बाजारात नेहमी दिसणारा माणूस ओळखीचा वाटतो. पण त्याचं नाव विचारलं की आपण गप्प. वाचलेल्याचंही तसंच. ओळखीचं वाटणं निराळं आणि आठवणं निराळं.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही हे करता येईल. बियाण्याला औषध कसं चोळावं हे रेडिओवर ऐकलंत, तर रेडिओ बंद करून शेजाऱ्याला ते पहिल्यापासून सांगा. जिथे अडखळाल, तेवढंच शिकायचं उरलं. चार दिवसांनी पुन्हा सांगून पाहा.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. एखादं मूल फळ्याकडे पाहत नाही, पण ऐकून झटकन उत्तर देतं. ‘हा ऐकून शिकणारा’ म्हणून त्याला सोडून देऊ नका. त्याला फळा दिसतो की नाही, ते आधी विचारा. नाहीतर शिक्का बसेल आणि चष्मा राहून जाईल. ‘हिला वाचन जमायचं नाही’ असं एकदा ठरलं, की तिच्या हाती पुस्तक देणंच थांबतं; मग ते जमणार तरी केव्हा?

तेव्हा धडा सांगा, दाखवा, करून घ्या. आणि तास संपण्यापूर्वी पाच मिनिटं पुस्तकं मिटवून मुलांना विचारा, ‘आज काय शिकलात?’