मावळे बाजारातले, किल्ला घरचा!

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की बाजारात पणत्या आणि रांगोळीच्या शेजारी मावळे येऊन उभे राहतात. सिंहासनावरचे महाराज, तोफ, भालदार, तुतारीवाला, डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, पोतं पाठीवर टाकलेला शेतकरी. ही चित्रं आपण लहान होतो तेव्हाही विकतच आणायचो. पण आता त्यांच्या शेजारी आणखी एक वस्तू दिसते. तयार किल्ला! प्लास्टर ऑफ पॅरिसचा, रंगवलेला, बुरूज-दरवाजा-भगव्यासकट. पिशवीत घालायचा, घरी आणायचा, ओट्यावर ठेवायचा. झाली दिवाळी.

शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही सोय आहे, असं आधी वाटायचं. पण आमच्या पारगावसारख्या गावात, जिथे दारात अंगण आहे आणि हाकेच्या अंतरावर शेत आहे, तिथेही तयार किल्ले येऊ लागले. मग मी आजूबाजूच्या बायकांशी बोलले. एक वहिनी म्हणाल्या, "अगं, कांद्याची लागण ह्याच दिवसांत, फराळ ह्याच दिवसांत. पोरं चिखल करणार आणि अंगण सारवायचं कुणी? मीच ना?" दुसरी म्हणाली, "शाळेत स्पर्धा असती. विकतचा कसा सुबक दिसतो! आपल्या पोराचा ओबडधोबड दिसला की त्यालाच वाईट वाटतं."

दोघींचंही खोटं नाही. त्यात आपल्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात आणखी एक कारण आहे. बिबट्या. उसाच्या कडेला माती आणायला पोरांना एकटं पाठवायची सोय राहिली नाही आणि दिवस मावळला की पोरं अंगणात नकोत, असं प्रत्येक आईला वाटतं. पूर्वी रात्री दहापर्यंत कंदिलाच्या उजेडात किल्ले व्हायचे, ते दिवस गेले. तेव्हा तयार किल्ला आणणाऱ्या आईला आळशी म्हणायची माझी तयारी नाही.

तरीही मैत्रिणींनो, मी म्हणेन की मावळे जरूर विकत आणा, पण किल्ला घरी होऊ द्या. कारण मातीत हात घालण्याची मजा एवढंच नाही. त्याहून मोठं कारण आहे.

विकतचा किल्ला बघा. त्याला तट असतो, बुरूज असतो, दरवाजा असतो. म्हणजे बाहेरून दिसतं ते सगळं असतं. पण पाणी कुठे असतं? धान्य कुठे ठेवायचं? हे मावळे जेवतात काय, झोपतात कुठे? विकत घेतलेल्या वस्तूला कुणी असे प्रश्न विचारत नाही. स्वतः किल्ला करायला बसलं, की पहिल्या तासाभरातच हे प्रश्न येतात. पोरं डोंगर रचतात, वर सपाटी करतात आणि मग कुणीतरी विचारतं, "आता इथं काय करायचं?" तिथून खरा किल्ला सुरू होतो.

आपल्याला तर उत्तर शोधायला पुस्तकही नको. नारायणगावावरून जुन्नरची एसटी पकडली, की शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तो गड आपल्या शेजारचा. सुट्टीत मुलांना एकदा 'किल्ला करायचाय' या नजरेने तिथे न्या. पायऱ्यांची वाट चढताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. एकच मोठा दरवाजा का नाही केला? कारण एक फुटला तरी पुढचा उभा असतो. वर अंबरखाना आहे, म्हणजे धान्याचं कोठार. गंगा-जमुना ही पाण्याची टाकी आहेत, बदामी तलाव आहे. शिवाईदेवीचं देऊळ आहे. कातळात टाकं खोदायचं आणि निघालेला दगड बांधकामाला लावायचा, अशी आपल्या गडांवरची रीत. एका कामात दोन कामं. हे ऐकल्यावर कुठल्याही बाईला वाटेल, अरे, हा तर आपल्यासारखाच हिशेब!

आणि खरंच तसं आहे. गड म्हणजे लढाई, असं आपल्याला वाटतं. पण गड वर्षातले बहुतेक दिवस लढत नसतो, तो नांदत असतो. पावसाळ्याआधी धान्य भरायचं, पाणी गळून जाऊ द्यायचं नाही, सरपण कोरडं ठेवायचं, माणसं आजारी पडली तर बघायचं. रायगडावर बाजारपेठ आहे, शौचकूपसुद्धा आहेत. वेढा पडला, की शत्रूच्या तोफेइतकीच भीती पाणी आणि दाणे संपण्याची असते. म्हणजे किल्ल्यातलं निम्मं शास्त्र आपल्या रोजच्या कामातलंच आहे. मग मुलांना किल्ला करताना मदत करायला आपल्याइतकं योग्य कोण?

पण आपल्याकडे वाटणी ठरलेली. किल्ला पोरांचा, रांगोळी पोरींची. पोरी फार तर माती चाळून देणार, पाणी आणून देणार. ही वाटणी फक्त आपल्याकडचीच आहे असं नाही, बरं का. एच. जी. वेल्स नावाचे प्रसिद्ध इंग्रज लेखक होते. त्यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, खेळण्यातल्या सैनिकांची लढाई घरात कशी खेळायची याचं. त्याच्या उपशीर्षकात त्यांनी हा खेळ मुलग्यांसाठी आहे असं सांगून, मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींनाही त्यात जागा दिली होती. उपकारच म्हणायचे!

पण त्या पुस्तकातली एक गोष्ट मला आपल्या कामाची वाटते. वेल्स आणि त्यांचे मित्र सैनिक दुकानातून आणायचे. रणभूमी मात्र घरात मिळेल त्यातून उभी करायचे. आधी ज्ञानकोशाचे जाडजूड खंड मांडून त्यांनी मुलूख केला, मग लाकडी ठोकळे आणि फळ्या आल्या, बागेतल्या झुडपांच्या डहाळ्या खोचून रान झालं. तिकडे आजही हा छंद जोरात आहे. मोठमोठी माणसं टेबलावर बोटभर सैनिक मांडून खेळतात. त्यांना लागणारी घरं, भिंती, झाडं, टेकड्या तयार मिळतात, महागही असतात. तरी अनेक जण थर्माकोल, पुठ्ठा, वाळू आणि डिंक घेऊन स्वतःच करत बसतात. एक तर पैसे वाचतात. दुसरं म्हणजे तयार टेकडी सगळ्यांकडे सारखीच, आपण केलेली आपल्या लढाईपुरती. डोंगर कुठे उंच, खिंड कुठे अरुंद, हे ठरवताना अर्धी लढाई समजून जाते.

आपला गोमुखी दरवाजा घ्या. दोन बुरुजांच्या मधून वाट अशी वळवायची, की समोरून दरवाजा दिसतच नाही. हत्तीला धाव घेऊन धडक मारायला जागाच मिळत नाही. हे वाचून मुलं विसरतात. पण ओल्या मातीत स्वतःच्या बोटांनी ती वाट एकदा वळवली, की जन्मभर लक्षात राहतं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या बारांत आपली शिवनेरी आहे. केवढी अभिमानाची गोष्ट! पण वारसा म्हणजे फक्त पाटी आणि सेल्फी नव्हे. कुणीतरी लहान हातांनी ती रचना पुन्हा करून बघणं, हाही वारसाच.

विकतच्या किल्ल्याची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. तो माळ्यावर ठेवला की पुढच्या वर्षी परत निघतो. मातीचा किल्ला दिवाळी संपली की मोडायचा. मुलांना तेव्हा वाईट वाटतं. पण ती माती परसात, तुळशीच्या वाफ्यात परत जाते आणि पुढच्या वर्षी नवा किल्ला करायला जागा मोकळी होते. प्लास्टरचा तुटला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या उकिरड्याला विचारा. तो पाण्यात सहज विरघळत नाही.

आणि सुबकपणाचं म्हणाल, तर स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांना आणि मंडळांना माझी एक विनंती आहे. बक्षीस देण्याआधी मुलाला एवढंच विचारा, "तुझ्या किल्ल्यावर पाणी कुठे आहे?" कुणी स्वतः केलाय आणि कुणी पिशवीतून आणलाय, ते लगेच कळेल.

मावळे मात्र खुशाल विकत घ्या. तीही कुणाच्या तरी हातची कारागिरी आहे. मातीची चित्रं मिळाली तर तीच घ्या, कुंभाराच्या घरीही दिवाळी होऊ दे. आणि यंदा लेकीला म्हणा, "रांगोळी संध्याकाळी काढू, आधी गडावर पाण्याचं टाकं कुठं खणायचं ते सांग."

किल्ला करताना

* मावळे आधी आणा, किल्ला नंतर करा. दरवाजा मावळ्याच्या दीडपट ते दुप्पट उंच ठेवा. नाही तर मावळा बुरुजापेक्षा मोठा दिसतो.
* खाली दगड-विटांचा सांगाडा रचा. त्यावर मातीच्या पातळ राबडीत बुडवलेलं गोणपाट पसरा. माती कमी लागते आणि घसरत नाही.
* नुसती काळी माती वाळली की भेगाळते. त्यात वाळू आणि थोडं भुसकट मिसळा.
* पाण्याचं टाकं म्हणून जुनी वाटी किंवा डबीचं झाकण मातीत बसवा.
* हिरवळीसाठी हळीव भिजवून ओल्या मातीवर पसरा. भिजल्यावर तो चिकट होतो, म्हणून उतारावरही टिकतो. वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी पेरला आणि रोज पाणी शिंपडलं, की लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवागार.
* रंगाला गेरू आणि कोळशाची पूड पुरे. चुना वापरायचा तर मोठ्यांनीच कालवावा.
* अंगण नसेल तर जुन्या परातीत किंवा पाटावर छोटा गड करा. गॅलरीतही मावतो.
* माती दिवसाउजेडी, मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच आणा. काम दुपारचं करा, अंधार पडायच्या आत हात धुऊन मुलं घरात.