अँटीबॉडी सापडली, म्हणजे नेमकं काय सापडलं?

बोर्डीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं झाई हे तलासरी तालुक्यातलं मच्छीमारांचं गाव. जुलै २०२२ मध्ये ते एकदम बातम्यांत आलं. तिथल्या आश्रमशाळेतल्या सात वर्षांच्या मुलीला झिकाची लागण झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत निष्पन्न झालं. त्याच्या वर्षभर आधी, जुलै २०२१ मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला होता.

तेव्हा मला बऱ्याच जणांनी विचारलं, "रक्तात अँटीबॉडी बघितली की झालं ना?" नाही होत. झिका आणि डेंग्यू एकाच कुळातले विषाणू. डेंग्यूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, झिकाच्या चाचणीतही चिकटू शकतात. म्हणून खुद्द विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी महत्त्वाची ठरते.

हा मुद्दा नीट समजून घ्यायचा, तर माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण माणसाचं नाही, कुत्र्याचं आहे. त्या आजाराचं नाव लेशमॅनिओसिस.

आधी थोडी ओळख

लेशमॅनिया हा एकपेशीय परजीवी. १९०३ मध्ये लेशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी त्याचं वर्णन केलं, आणि रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावं जोडून त्याचं बारसं केलं. बिहार-झारखंडकडचा काळा आजार याच्यामुळेच होतो. भारतात तो मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो. भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि ब्राझील इथे मात्र लेशमॅनिया इन्फँटम ही जात आहे, आणि तिचा मुख्य साठा कुत्र्यांत असतो. १९०८ मध्ये ट्युनिसला निकोल यांनी कुत्र्यांमध्ये हा परजीवी दाखवून दिला.

तो पसरवते सॅन्डफ्लाय, म्हणजे वाळूमाशी. डासापेक्षा बरीच लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याजवळची ओल, कुजलेला पालापाचोळा इथे वाढते. आपल्याला ती अगदीच परकी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावाने १९६५ पासून ओळखला जाणारा विषाणू हीच माशी पसरवते.

जास्त अँटीबॉडी, जास्त आजार

आता गंमत बघा. शाळेत आपण शिकतो की अँटीबॉडी म्हणजे शरीराचे सैनिक. सैनिक जास्त, तर संरक्षण जास्त. या आजारात हे गणित उलटं पडतं.

कारण परजीवी लपतो कुठे, तर मॅक्रोफेज या पेशीच्या आत. जंतू गिळून मारणं हे जिचं काम, तिच्याच पोटात हा घर करतो. अँटीबॉडी फिरते पेशीच्या बाहेर, त्यामुळे आतल्या शत्रूपर्यंत ती पोचतच नाही. त्याला मारायचं तर मॅक्रोफेजला आतूनच जागं करावं लागतं. ते काम टी-पेशी करतात. त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात, मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड बनवते, आणि परजीवी मरतो.

ज्या कुत्र्यात ही बाजू मजबूत असते, त्याला लागण होऊनही तो ठणठणीत राहू शकतो. त्याच्या रक्तात अँटीबॉडी कमी असते, कधी सापडतही नाही. ज्याच्यात ही बाजू ढिली पडते, त्याच्या बी-पेशी बेसुमार अँटीबॉडी बनवत सुटतात. आजार थांबत नाहीच. उलट अँटीबॉडी आणि परजीवीचे अंश यांचे पुंजके मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. डोळ्यांभोवतीचे केस जाणं, कातडीचा कोंडा, वाढलेली नखं, नाकातून रक्त ही लक्षणं दिसतात, पण जीव जातो तो बहुतेक वेळा मूत्रपिंड निकामी होऊन.

म्हणजे इथे अँटीबॉडीचं प्रमाण संरक्षणाचं माप नाही. ते बरंचसं आजाराचं माप आहे.

मग चाचणी कशी वाचायची?

लक्षणं आहेत आणि अँटीबॉडीची पातळी प्रयोगशाळेच्या सीमारेषेच्या तीन-चार पट वर आहे, तर निदान पक्कं धरतात. पातळी थोडीशीच वर असेल तर थांबायचं. अस्थिमज्जा किंवा लसिकाग्रंथीतून नमुना घेऊन पीसीआर करायची, सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसतो का ते बघायचं. निगेटिव्ह आलं तरी निश्चिंत होऊ नका. लागण झाल्यावर अँटीबॉडी दिसायला काही महिने लागू शकतात. लस दिलेला कुत्राही काही चाचण्यांत पॉझिटिव्ह येतो. दक्षिण अमेरिकेत तर ट्रिपॅनोसोमा क्रुझी या चुलत भावाची अँटीबॉडी गोंधळ घालते, अगदी झिका-डेंग्यूसारखाच.

आता एक छोटं गणित. आकडे काल्पनिक आहेत, पण वहीत करून बघाच. समजा चाचणी १०० आजारी कुत्र्यांपैकी ९० पकडते, आणि १०० निरोग्यांपैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. गावात १००० कुत्रे, त्यातले ३०० बाधित. खरे पॉझिटिव्ह २७०, खोटे ३५. ठीक आहे. आता तीच चाचणी अशा ठिकाणी न्या, जिथे १००० पैकी फक्त १० बाधित आहेत. खरे पॉझिटिव्ह ९, खोटे जवळजवळ ५०. चाचणी तीच, किट तेच, पण दर सहा पॉझिटिव्हमधले पाच निर्दोष!

याची किंमत कोण मोजतं?

ब्राझीलमध्ये माणसांचा आजार रोखण्यासाठी पॉझिटिव्ह कुत्रे मारण्याचं धोरण वर्षानुवर्षं राबवलं गेलं. आधी झटपट चाचणी, मग खात्रीसाठी एलायझा. दोन चाचण्या लावल्याने खोटे पॉझिटिव्ह कमी होतात, शून्य होत नाहीत. शिवाय मारलेल्या कुत्र्याच्या जागी लोक नवं पिल्लू आणतात, आणि त्यालाही माशी चावतेच. या धोरणाने माणसांचे रुग्ण खरंच घटतात का, यावर संशोधकांत मोठा वाद आहे. त्यापेक्षा कुत्र्यांना माशी पळवणारे औषधी पट्टे बांधणं जास्त शहाणपणाचं, असं म्हणणारे बरेच आहेत.

संशोधनात येऊ पाहणाऱ्यांना म्हणून एकच सांगणं. "सिरोपॉझिटिव्ह" हा शब्द पेपरमध्ये दिसला की चार प्रश्न विचारा. कोणती चाचणी आणि कोणतं अँटिजेन? सीमारेषा कुणी, कुठल्या कुत्र्यांवर ठरवली? त्या भागात आजाराचं प्रमाण किती? आणि पॉझिटिव्ह ठरलेल्याचं पुढे काय केलं?

चौथा प्रश्न सहसा विसरला जातो. झाईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तिथे घुटमळणारा कुत्रा असो, नाहीतर ब्राझीलमधल्या एखाद्या अंगणातला. आपण तक्त्यात "पॉझिटिव्ह" लिहितो तेव्हा त्याच्याबद्दल कुणीतरी निर्णय घेणार असतं.

पुढच्या वेळी एलायझाची सीमारेषा प्रत्यक्षात कशी काढतात ते बघू. तोवर वरचं गणित १०००ऐवजी तुमच्या गावातल्या कुत्र्यांची संख्या धरून करून बघा.