पान मोबाइलवर का सांडतं?

वेबपेज शिकायला आलेल्या पोरांना मी आधी एक साधं पान करायला लावतो: शीर्षक, दोन परिच्छेद, एक लिंक. रंग नकोत, चौकटी नकोत. मग ब्राउझरची खिडकी ओढून अरुंद करायची. ओळी आपोआप मोडतात, मजकूर मावतो. १९९१ साली जगापुढे आलेलं पहिलं संकेतस्थळ असंच होतं. पान मुळात लवचीकच असतं. त्याला मापात जखडतो ते आपण.

मी मंडीदीपच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रविवारी कॉलनीतली मुलं लॅपटॉप घेऊन घरी येतात. त्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने भीमबेटकावर पान केलं. विषय घरचाच. या गुहा आमच्याच रायसेन जिल्ह्यात, नर्मदापुरमच्या रस्त्यावर; आणि १९५७ मध्ये त्यांतली चित्रं शोधून काढली ती नीमचला जन्मलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. मजकूर मराठीत आणि हिंदीतही. लॅपटॉपवर पान देखणं, पण तिच्या आजीच्या मोबाइलवर निम्मं वाक्य पडद्याबाहेर.

“काका, फोनच छोटा आहे!”

छोटाच असणार. इथे शिफ्टच्या बसमध्ये चढणाऱ्या माणसाच्या हातात लॅपटॉप नसतो.

दुखणं मुख्य चौकटीत होतं. तिला १२०० पिक्सेल रुंदी ठोकून दिलेली. ‘विड्थ’च्या जागी ‘मॅक्स-विड्थ’ लिहिलं, म्हणजे ‘इतकीच’ऐवजी ‘फार तर इतकी’, आणि वाक्यं आत आली. फोटोंनाही तसंच: फार तर शंभर टक्के. व्ह्यूपोर्टची ओळ तिने घातली होती, हे बरं. २००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक पानं संगणकासाठी बेतलेली होती. म्हणून त्यातला ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसून दाखवायचा. तसं करू नकोस, फोनची खरी रुंदी धर, असं ही ओळ सांगते. मात्र कुठून तरी उचललेल्या त्या ओळीत झूम बंद केलेलं होतं, त्यामुळे आजीला दोन बोटांनी अक्षरं मोठी करता येईनात. तेवढा तुकडा काढून टाकला.

ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह’ मांडणीची कल्पना मांडली ती याच बेताची: प्रमाणात वाढणारे रकाने, लवचीक चित्रं आणि पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे नियम. माझा सल्ला, आधी अरुंद पडद्याचं पान करा. जागा वाढली आणि ओळी फार लांबल्या, की मगच दुसरा रकाना.

देवनागरीची एक वेगळी गोष्ट. इंग्रजी नमुन्यातली चौकट उचलली, तिची उंची आणि ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं, की वेलांट्या आणि उकार कापले जातात. वाफेच्या पाइपला प्रसरणासाठी जागा सोडतात, तशी अक्षरांनाही सोडावी. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवावी आणि चौकटीची उंची मजकुरावर सोपवावी. आमच्याकडे कृतिदेवमध्ये टाइप करण्याची जुनी सवय आहे. तो मजकूर पानावर चिकटवला, की ज्या फोनमध्ये तो फाँट नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा उमटतो. युनिकोडच हवा.

अंध वाचकालाही तो गिचमिडाच ऐकू येतो. स्क्रीन रीडर डोळ्यांना दिसतं ते वाचत नाही, कोडमध्ये लिहिलेलं वाचतो. भाषेची खूण नसेल, तर मराठी परिच्छेद हिंदी किंवा इंग्रजी आवाजात म्हणतो. म्हणून दोन्ही परिच्छेदांना आपापली खूण दिली. चित्राच्या पर्यायी मजकुरात तिने लिहिलं होतं ‘फोटो १’. त्याजागी आलं: ‘खडकावर लाल रंगात काढलेला प्रचंड शिंगवाला प्राणी, माणसाच्या मागे लागलेला.’ पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं गडद केली. जागतिक निकषांप्रमाणे साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ ला १ हवा. मे महिन्याच्या उन्हात फोन बघणाऱ्या धडधाकट माणसालाही तो लागतोच.

याला कायद्याचीही बाजू आहे. केवायसीसाठी डोळे मिचकावून दाखवा, असं ॲप सांगतं. ॲसिडहल्ल्यात डोळे जळालेल्या बाईने काय करायचं? अशा याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

तपासणी घरच्या घरी होते. लॅपटॉपवर झूम चारशे टक्के करा. वाचताना ओळ आडवी सरकवावी लागली, तर कुठेतरी रुंदी ठोकलेली आहे. माउस बाजूला ठेवून टॅबने फिरा. आपण कुठल्या बटणावर आहोत ते दिसलं पाहिजे. फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करा आणि डोळे मिटून ऐका. नोकरीसाठी पान बनवणाऱ्या पोरांना सरकती चित्रं आणि ॲनिमेशनची घाई असते. ती सगळी या तीन परीक्षांनंतर.